मिशिगनमधल्या हिरव्या पाट्या: मासे आणि लाकूड एकत्र का?

वाटसरू: मंडळी, लाँग वीकेंडला लेक ह्युरॉनच्या काठाने यूएस-23 धरून वर मॅकिनॉपर्यंत गेलो. अधूनमधून रस्त्याकडेला हिरवी पाटी, सोनेरी अक्षरं. एका टाउनशिपमध्ये उतरून वाचली तर म्हणे इथे लाकडाच्या गिरण्या होत्या, मासेमारांचे धक्के होते, आणि मान वर करून बघतो तर एक चर्च, चार घरं आणि वाळू. हे सगळं गेलं कुठे? आणि मासे नि लाकूड कायम जोडीनेच का येतात?

पानगळ: आधी सांगा, पाटी मागून वाचलीत का? बऱ्याच पाट्यांना मागच्या बाजूला वेगळा मजकूर असतो आणि लोक पुढचा फोटो काढून गाडीत बसतात, मीपण 2 वर्षं तेच केलं. ऐतिहासिक जागांवर अशा पाट्या लावायचा राज्याचा हा उपक्रम 1955 पासूनचा आहे.

जुनी_वखार: लाकडाचं सांगतो. 1870-80 च्या दशकांत मिशिगन लाकडात देशात पहिलं होतं, सगळी कमाई व्हाइट पाइन नावाच्या उंच झाडाची. हिवाळ्यात झाडं पाडायची, रस्त्यावर पाणी ओतून बर्फ करायचा म्हणजे ओंडक्यांची घसरगाडी सुटसुटीत जाते, मग वसंतात नदीला पाणी चढलं की ओंडके सोडून द्यायचे. नदीत सगळ्यांचे ओंडके एकत्र, म्हणून प्रत्येक मालकाचा शिक्का हातोड्याने ओंडक्याच्या तोंडावर ठोकलेला असायचा, आपल्याकडे धोब्याची खूण असते ना, तसंच. झाडं संपली, गिरणी उठली, गावही उठलं. उरलेलं आगीत गेलं, 8 ऑक्टोबर 1871 ला शिकागो जळत होतं त्याच दिवशी इकडे मिशिगनमधली हॉलंड आणि मॅनिस्टी ही गावंपण जळत होती.

पानगळ: आणि जोडी का, तर दोघांनाही नदीचं मुखच लागतं. पण पाट्यांवर हे दोन धंदे सख्ख्या भावांसारखे दाखवतात ते मला पटत नाही. गिरण्यांचा भुसा सरळ पाण्यात जायचा आणि माशांच्या अंडी घालायच्या जागा त्याखाली बुजायच्या. वर बेसुमार जाळी. मग लेक ओंटारिओ आणि लेक ईरी जोडणाऱ्या वेलँड कालव्यातून लॅम्प्रे हा ईलसारखा लांबट मासा आला, 1921 ला लेक ईरीत, 30 च्या दशकात लेक ह्युरॉन आणि लेक मिशिगनमध्ये. तोंड म्हणजे दातांची गोल चकती, माशाला चिकटून रक्त पितो. लेक ट्राउट जवळपास संपलाच, टीएफएम नावाचं लॅम्प्रे मारायचं औषध 1958 पासून नद्यांत सोडायला लागले तेव्हा कुठे आटोक्यात आलं.

काठावरची: आणि मासेमारी काय गिरणीवाल्यांबरोबर सुरू झाली का? ओजिब्वे, ओडावा हे इथले मूळ रहिवासी त्याच्या कितीतरी आधीपासून इथे जाळी टाकतायत. अमेरिकन सरकारशी झालेल्या 1836 च्या तहात त्यांची जमीन गेली पण मासेमारीचा हक्क राहिला, तो मान्य करून घ्यायला 1979 साल आणि फेडरल कोर्ट लागलं. बाकी जुन्या झोपड्या, जाळी, बोटी बघायच्या असतील तर पलीकडे लेक मिशिगनच्या काठावर लीलँडचं फिशटाउन बघा.

वाटसरू: पानगळ, बायकोच्या फोनमध्ये मागच्या बाजूचा फोटो सापडला, पण पोरगं पाटीला टेकून चिप्स खातंय आणि अर्धा मजकूर त्याच्या डोक्यामागे. ‘ट्राउट’ तेवढं वाचता येतंय.