कोरहाचं बंड आणि ईयोबाची तक्रार

काही जण म्हणतात की देवाला प्रश्न विचारणं म्हणजेच बंड. मला ते पटत नाही. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या 16व्या अध्यायातला कोरह बघा, इस्राएलचा पुढारी मोशे आणि त्याचा भाऊ, याजक अहरोन यांच्याविरुद्ध उठलेला. "सगळी मंडळी पवित्रच आहे, मग तुम्हीच का मोठे?" हे त्याचं त्या दोघांना म्हणणं ऐकायला किती रास्त वाटतं! पण पुढे मोशे त्याला सुनावतो, की लेव्यांना (कोरहाच्याच वंशाला) निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूची, सेवा मिळाली ती कमी वाटली, आता याजकपदही हवं? दुखणं तिथे होतं. त्याचे साथीदार दाथान आणि अबीराम तर बोलावूनही येत नाहीत, वर ज्या मिसरात (इजिप्तमध्ये) गुलामी केली त्यालाच दुधामधाचा देश म्हणतात. (बंडखोरांची स्मरणशक्ती अशीच सोयीची असते.) आणि मोशे? आरोप ऐकताच देवापुढे उपडा पडतो.

बायबलमधल्याच ईयोबाने, निर्दोष असूनही सगळं गमावलेल्या माणसाने, देवाशी बोलताना याहून कितीतरी कडक शब्द वापरलेत. तरी शेवटी देव रागावतो तो त्याच्या मित्रांवर. कारण ईयोब भांडला, पण देवाशीच बोलत राहिला, आणि उत्तर आल्यावर तोंडावर हात ठेवून गप्प झाला.

आणखी एक, कोरह त्या बंडात मेला, पण त्याचे मुलगे मेले नाहीत (गणना 26:11). बायबलमधल्या कित्येक स्तोत्रांच्या मथळ्यावर कोरहाच्या मुलांचंच नाव आहे.