‘हुजाम्बो’, ‘शिकामू’, ‘पोले’

प्रश्न : कामासाठी केनियात वोईला राहायचंय. तिथल्या ताइता लोकांशी ‘जाम्बो’ म्हणून बोलायला सुरुवात केली तर चालेल का?

उत्तर : ताइता टेकड्यांतली माणसं घरात किदाविदा किंवा किसागाला बोलतात, पण बाजारात, बसमध्ये स्वाहिली चालते. तीच आधी शिका. नुसतं ‘जाम्बो’ पर्यटकांसाठी. ‘जाम्बो’ म्हणजे बाब, गोष्ट, आणि ‘हुजाम्बो?’मध्ये नकार आहे, ‘काही बाब नाही ना?’ त्यावर ‘सिजाम्बो’, नाही. समोर अनेक जण असतील तर ‘हामजाम्बो?’ आणि ‘हातुजाम्बो’.

त्यापेक्षा ‘हाबारी’ लवकर तोंडात बसेल. ही आपलीच खबर! मूळ अरबी, आपल्याकडे फारसीतून आली, तिकडे समुद्रावरून. ‘हाबारी झा असुबुही?’ सकाळची खबर, ‘हाबारी झा न्युम्बानी?’ घरची. (झ ‘माझा’मधला.) उत्तर ‘न्झुरी’, चांगली. घरात आजारपण असलं तरी आधी ‘न्झुरी’, मग हळूच खरं काय ते. निरोपाच्या ‘क्वाहेरी’तली ‘हेरी’ म्हणजे आपली खैर, आणि दारात ऐकू येणारं ‘कारिबू’ म्हणजे करीब : जवळ या, आत या. बाहेर उभं राहून ‘होडी!’ म्हणायचं आणि ‘कारिबू’ ऐकू येईपर्यंत थांबायचं.

वडीलधाऱ्यांना मात्र ‘शिकामू’ म्हणावं. ‘पाय धरतो’ असा त्याचा अर्थ सांगतात. प्रत्यक्षात वाकावं लागत नाही. ते ‘मराहाबा’ म्हणतात. बरोबरीच्या माणसाला ‘शिकामू’ म्हटलं तर त्याला उगाच म्हातारं केल्यासारखं होईल. तरुणांत ‘माम्बो?’ – ‘पोआ’ चालतं.

प्रश्न : ‘पोले’ म्हणजे माफ करा ना?

उत्तर : नाही, माफीला ‘सामाहानी’. ‘पोले’ दुसऱ्याच्या त्रासासाठी असतं, त्यात आपली चूक असायलाच हवी असं नाही. कुणाला ठेच लागली, ‘पोले’. घरात मृत्यू झाला, तरी ‘पोले’. दमून आलेल्याला ‘पोले क्वा काझी’, प्रवासातून उतरलेल्याला ‘पोले क्वा साफारी’. आपण ‘दमलात हो’, ‘अरेरे, लागलं का?’ असं प्रसंगानुसार वेगवेगळं बोलतो. इतक्या सगळ्याला पुरेल असा एक शब्द मला मराठीत सापडत नाही, आणि तो असायला हवा होता असं फार वाटतं. ‘पोले’ला उत्तर ‘असान्ते’, म्हणजे आभार. आणि ‘पोले पोले’ असं दोनदा आलं की अर्थ वेगळा : हळूहळू, सावकाश.