शास्त्रात लिहिलंय म्हणजे देवाचीच आज्ञा, हे कशावरून?

तापीकाठ_चोपडा:
मागच्या महिन्यात भाचीचं लग्न झालं. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, नवरीची आई. भाऊजी गेल्यापासून दोन्ही पोरींचं सगळं तिनेच केलं. हळदही तिनेच दळून आणलेली. मांडवात पाट मांडला, सवाष्णी बसल्या आणि अक्काला आत जायला सांगितलं. हातातली वाटी शेजारणीला देताना ती एवढंच म्हणाली, "मनी पोरले हयद मी काबर लाऊ नही?" (माझ्या पोरीला हळद मी का लावू नये?) घरातल्या एका जाणत्या माणसाने सांगितलं, "शास्त्रात आहे, देवाची आज्ञा आहे." त्यावर कोणी काही बोललं नाही.

मी नास्तिक नाही. एकादशी धरतो, मुक्ताईच्या दर्शनाला मुक्ताईनगरला जातो. देवाबद्दल मला शंका नाही, ग्रंथांबद्दल आहे. माणसांनीच पाठ केले, माणसांनीच लिहून काढले, माणसांनीच नकला केल्या. त्यात देवाची इच्छा कुठली आणि लिहिणाऱ्याची कुठली, हे ओळखायचं कसं? वाद घालायचा नाही, मला खरंच समजून घ्यायचंय.

श्रद्धा_धुळे:
भाऊ, ताईंचं वाचून वाईट वाटलं. पण वेदांवर शंका घेऊ नका. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा रीतींनी शब्द पुढून-मागून, जोड्या लावून म्हणतात. एखादा शब्द गळाला तर लगेच उघडं पडतं. इतक्या पिढ्या हे जपलंय ते उगाच नाही.

तापीकाठ_चोपडा:
ते जपणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. पण निरोप्याने निरोप अक्षरन् अक्षर सांगितला, तरी तो धाडला कोणी हे वेगळंच विचारावं लागतं ना?

निवृत्त_मास्तर_अमळनेर:
हा प्रश्न आपल्या परंपरेत फार जुना आहे. मीमांसक आणि नैयायिक ही आपल्याकडची दोन जुनी तत्त्वज्ञानाची घराणी. मीमांसक वेदांना अपौरुषेय मानतात, म्हणजे ते माणसाने रचले नाहीत, तसेच ईश्वरानेही रचले नाहीत. नैयायिक म्हणतात, वेद ईश्वराने सांगितले म्हणूनच प्रमाण. दोघेही वेदांना डोक्यावर घेणारे, पण ग्रंथामागे देवाची इच्छा आहे की नाही यावरच त्यांचं एकमत नाही. आणि शंकराचार्य गीताभाष्यात (१८.६६) म्हणतात, अग्नी थंड आहे असं शंभर श्रुतींनी, म्हणजे वेदवचनांनी, सांगितलं तरी ते प्रमाण ठरत नाही.

आता विधवेचं. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आहे की नवरा गेल्यावर बाईने फुलं, मुळं, फळं खाऊन देह झिजवावा, परपुरुषाचं नावही घेऊ नये. पराशरस्मृतीच्या चौथ्या अध्यायात मात्र नवरा बेपत्ता झाला, वारला, संन्यासी झाला, नपुंसक किंवा पतित निघाला तर दुसरा पती करायला मुभा आहे. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी हाच श्लोक पुढे केला आणि १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. त्यांना विरोध करणारेही शास्त्राचेच दाखले देत होते. दोन्ही स्मृती ऋषींच्याच नावावर आहेत. मला वाटतं, ज्या त्या काळाच्या माणसांनी आपल्या समाजाला जे झेपेल, जे पटेल ते त्यात लिहिलं.

नकलांचं म्हणाल तर ज्ञानेश्वरी शके १२१२ची, आणि शके १५०६मध्ये एकनाथ महाराजांना ती शुद्ध करायला बसावं लागलं. ग्रंथ मूळचा अतिशुद्ध, पण पाठभेदांमुळे बिघडला, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. यात जो आपली ओवी घालेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली, असंही बजावलंय. लोक ओव्या घुसडत असल्याशिवाय असं कोण बजावेल? माउलींवर त्यांच्याएवढी भक्ती कोणाची होती, सांगा.

केळीबाग_रावेर:
भाऊ, आधी त्या जाणत्या माणसाला विचारा, कोणता ग्रंथ, कोणता अध्याय? आमच्या घरी सासऱ्यांनी भटजींना हेच विचारलं. भटजी म्हणाले, ग्रंथात मी तरी वाचलेलं नाही, रीत आहे. मग नणंदेच्या लग्नात आजेसासूंनी पहिली हळद लावली. त्यांच्या कपाळाला कुंकू नव्हतं, पण हात थरथरत होते आणि नणंद त्यांचा हात गालावर धरून बसली होती. कोणाचं काही वाईट झालं नाही.

तापीकाठ_चोपडा:
मास्तर, एक अडचण राहतेच. दयेचं तेवढं घ्यायचं आणि जाचाचं सोडायचं, तर मग मीच माझी इच्छा देवाच्या तोंडी घालतोय असं नाही का होत?

निवृत्त_मास्तर_अमळनेर:
ती धास्ती असावीच. गीतेत १६.२४ला शास्त्र तुला प्रमाण आहे असं सांगितलंय, आणि सगळं सांगून झाल्यावर १८.६३ला, याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. निवड आपणच करतो, शास्त्रावर बोट ठेवणाराही करतोच. तेव्हा निवड आपली आहे हे उघड सांगावं, तिचं ओझं देवावर टाकू नये.

तापीकाठ_चोपडा:
दोन्ही श्लोक काढून वाचले. ते दोन्ही ग्रंथातलेच आहेत हेही ध्यानात आहे, त्यामुळे माझं पूर्ण समाधान झालं असं म्हणणार नाही. पण अक्काची धाकटी पोर अजून लग्नाची आहे आणि त्या माणसाशी मला बोलायचंय. पराशरस्मृतीची मराठी अर्थासह प्रत जळगावात कुठे मिळेल का? चौथा अध्याय मला पूर्ण वाचायचाय, नुसता तो श्लोक नाही.