रॉ सॉकेट सगळ्यांच्या हाती असावं का?

निनाद_नेट
माझं मत आधीच सांगतो: ऑपरेटिंग सिस्टिमने रॉ सॉकेटवर, म्हणजे नेटवर्कचं पॅकेट स्वतः घडवून पाठवायच्या सोयीवर, बंदी घालू नये. साध्या सॉकेटला (प्रोग्रॅमच्या नेटवर्क जोडणीला) आपण फक्त डेटा देतो, हेडर (पत्ते वगैरे असलेला पॅकेटचा पुढचा भाग) कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहितं. रॉ सॉकेटवर आयपी_एचडीआरइन्क्ल हा पर्याय लावला की आयपी हेडरही आपणच लिहायचं. मला टीसीपी (कनेक्शन जोडून डेटा पाठवायची पद्धत) खऱ्या अर्थाने समजलं ते स्वतः एसवायएन (कनेक्शन मागणारं) पॅकेट बनवून पाठवल्यावर. समोरून एसवायएन-एसीके (होकार) आलं आणि माझ्याच कर्नलने आरएसटी (कनेक्शन तोडणारं पॅकेट) पाठवून मोकळं झालं, कारण असं कनेक्शन त्याने उघडलेलंच नव्हतं! हे वाचून कळत नाही.

२००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ या अपडेटने रॉ सॉकेटवरून टीसीपी पाठवणं बंद केलं आणि यूडीपीत (कनेक्शन न जोडता डेटा पाठवायच्या पद्धतीत) खोटा सोर्स पत्ता (पाठवणाऱ्याचा पत्ता) चालेनासा केला. साधलं काय? एनमॅप हे नेटवर्क तपासायचं साधन रॉ सॉकेट टाळून विनपीकॅप या वेगळ्या सॉफ्टवेअरच्या ड्रायव्हरमधून थेट इथरनेट फ्रेम पाठवू लागलं. अडले ते शिकणारे.

चौकीदार
साफ असहमत. तो काळ आठवा. एक्सपीत घरोघरी सगळे अ‍ॅडमिन खात्यावरच काम करायचे, म्हणजे रॉ सॉकेट कुठल्याही व्हायरसच्या हाती. सुरक्षा-तज्ज्ञ स्टीव्ह गिब्सन २००१ पासून हाच धोका सांगत होते. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर वर्मने (आपोआप पसरणाऱ्या व्हायरसने) खोटे सोर्स पत्ते घालून विंडोजअपडेट डॉट कॉमवर एसवायएनचा मारा केलाच. ड्रायव्हर टाकून पळवाट काढता येते, मान्य. पण वर्म लिहिणाऱ्याचं काम वाढलं, एवढंही मला पुरेसं आहे.

निनाद_नेट
चौकीदार, खोटा पत्ता अडवायची जागा घरचा पीसी नाही, आयएसपीचा (इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा) राउटर आहे. ज्या ग्राहकाला पत्त्यांची जी रेंज दिली, तिच्याबाहेरचा सोर्स पत्ता दिसला की पॅकेट टाकून द्या. आरएफसी २८२७ या इंटरनेटच्या मार्गदर्शक दस्तऐवजात हे मे २००० मध्येच लिहिलंय. ज्यांनी ते पाळलं नाही त्यांना कोणी जाब विचारत नाही आणि हत्यार मात्र आमच्या हातून काढून घेता.

डबा_डेव्हऑप्स
दोघेही एक्सपीत अडकलात. आज डॉकर कंटेनर (प्रोग्रॅम वेगळा ठेवून चालवायचा डबा) सुरू केला की कॅप_नेट_रॉ (रॉ सॉकेटची परवानगी) आपोआप मिळतं, कुणी मागितलेलं नसताना. एकाच ब्रिजवरच्या (आभासी स्विचवरच्या) शेजारच्या कंटेनरला खोटं एआरपी उत्तर ('हा आयपी पत्ता माझ्याकडे आहे' असं सांगणारं) पाठवून त्याचं ट्रॅफिक वळवता येतं. तिथे आयएसपीचा राउटर काय करणार? शिवाय सीव्हीई-२०२०-१४३८६ ही नोंदवलेली सुरक्षा-चूक बघा: लिनक्स कर्नलच्या एएफ_पॅकेट (रॉ पॅकेटच्या सॉकेट) कोडात मेमरीची चूक, आणि एवढ्याशा परवानगीवरून थेट रूट (मशीनचा पूर्ण ताबा).

"पिंग चालायला हवं" (पिंग म्हणजे समोरचं मशीन उत्तर देतं का ते पाहणारी आज्ञा) हे कारणही उरलेलं नाही. लिनक्स ३.० पासून आयसीएमपीसाठी (पिंगच्या संदेशांसाठी) वेगळं डेटाग्राम सॉकेट आहे, त्याला रॉ लागत नाही; पिंग_ग्रुप_रेंज (ते कोणाला वापरता येईल याची सेटिंग) तेवढी नीट ठेवा. आमच्याकडे आम्ही ही परवानगी सगळीकडून काढली. तक्रार फक्त टीसीपीडंप (ट्रॅफिक पाहायचं साधन) वापरणाऱ्यांची आली, त्यांना ती वेगळी दिली.

निनाद_नेट
कंटेनरचं पटलं. न मागता देऊ नये. पण माझ्या लॅपटॉपवर ही बंदी नको. आणि विद्यार्थ्याला रूट द्यायचीही गरज नाही. लिनक्सवर अनशेअर -आरएन ही आज्ञा चालवा, स्वतःचं नेटवर्क नेमस्पेस (वेगळं, बंदिस्त नेटवर्क) मिळतं. त्यात हवी तेवढी रॉ पॅकेटं पाठवा, बाहेर काहीच जात नाही.

चौकीदार
बाहेर जात नाही, पण कर्नल तेच असतं ना! सीव्हीई-२०१७-७३०८ ही एएफ_पॅकेटमधलीच चूक. साध्या युजरला याच नेमस्पेसच्या वाटेने तिथपर्यंत पोचून रूट मिळवता येत होतं. तुमची 'सुरक्षित' प्रयोगशाळाच दरवाजा ठरली.

निनाद_नेट
ती चूक कोडातली होती आणि दुरुस्त झाली. चूक सापडली म्हणून सुविधाच बंद करायची, तर कर्नलमध्ये उरेल काय?

डबा_डेव्हऑप्स
दुरुस्ती येते, पण ती प्रत्येक सर्व्हरवर पोचायला वेळ लागतो, मार मधल्या काळात बसतो. म्हणून प्रॉडक्शनवर (प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर) मॅक्स_युजर_नेमस्पेसेस ही सेटिंग शून्य ठेवा, म्हणजे असं नेमस्पेस उघडताच येणार नाही. रूटलेस (रूटशिवाय चालणारे) कंटेनर वापरत असाल तर मात्र ते बंद पडतील, आधी तपासा. कॉलेजच्या लॅबमध्ये खुशाल चालू ठेवा, तिथे निनाद म्हणतात तेच बरोबर.