अँटेनाच्या गॅपमधलं टेराहर्ट्झ फील्ड मोजायचं कसं?

अर्धीलहर:
सिलिकॉनवर सोन्याचे डायपोल (मधे तुटलेल्या बारीक पट्ट्यांचे अँटेना) काढलेत, लांबी साधारण 60 मायक्रॉन, मधे 5 मायक्रॉनची गॅप. ट्रान्समिशनमध्ये, म्हणजे आरपार जाणाऱ्या लाटेत, 1 टेराहर्ट्झच्या आसपास मस्त डिप (खड्डा) येतो. सिम्युलेशन म्हणतं गॅपमध्ये विद्युत फील्ड येणाऱ्या लाटेच्या 20 पट, सर म्हणतात ते राहू दे, मोजून दाखव. डिपवरून आकडा निघेल का?

फटीतला:
नाही निघणार. अँटेनाने लाटेतलं किती शोषलं नि किती इकडेतिकडे उडवलं एवढंच डिप सांगतो, आणि तो किती खोल हे अँटेना किती दाट बसवलेत त्यावरही ठरतं. सलग धातूत बारीक फट असती तर गोष्ट वेगळी, पलीकडे येणारं सगळं फटीतूनच येतं, मग फटीने व्यापलेल्या क्षेत्रफळाच्या हिश्श्याने भागून अंदाज काढतात. आणि हो, 500 मायक्रॉनच्या वेफरमध्ये (सिलिकॉनच्या चकतीत) पल्स आतल्या आत परावर्तित होऊन 11 पिकोसेकंदांनी इको येतो, तो मोजमापातून कापलास ना?

प्रोबबीम:
सिलिकॉन सोड, तेच डायपोल गॅलियम फॉस्फाइडवर काढ (अपवर्तनांक जवळपास तेवढाच, लांबी फार बदलावी लागत नाही) आणि फेमटोसेकंद प्रोब (लेझरचा अतिशय छोटा पल्स) मागून गॅपवर फोकस कर, फील्डमुळे त्याचं ध्रुवीकरण फिरतं तेच मोजायचं. पण क्रिस्टलची जाडी बघ!! मी पहिल्यांदा 200 मायक्रॉनचा घेतला आणि वाढ दिसली जेमतेम दीडपट, दोन आठवडे अलाइनमेंटला शिव्या घातल्या. गॅपचं फील्ड आत जेमतेम गॅपच्या रुंदीएवढंच शिरतं, आणि प्रोबवर मात्र क्रिस्टलच्या सगळ्या जाडीतल्या फील्डची बेरीज होते. ढोबळ हिशोब कर: 5 मायक्रॉनमध्ये 20 पट म्हणजे 100, उरलेल्या 195 मध्ये साधं फील्ड, बेरीज 295, अँटेना नसता तर 200. तेच 20 मायक्रॉनच्या थरात 115 ला 20, पावणेसहा पट. म्हणून 110 कटचा पातळ थर 100 कटच्या जाड तुकड्यावर चिकटवतात (हे आकडे क्रिस्टल कुठल्या दिशेने कापलाय ते सांगतात), खालचा तुकडा आडव्या फील्डला दादच देत नाही.

अर्धीलहर:
अरे बापरे, म्हणजे पावणेसहा दिसले तरी आत 20 असू शकतात? मग सरांना कुठला आकडा देऊ?

फटीतला:
दोन्ही दे, सोबत थराची जाडी आणि प्रोबचा स्पॉट लिही. आणि सिम्युलेशनमधल्या त्या 20 वरही लगेच विश्वास ठेवू नकोस, टोकदार कोपऱ्यावरचा आकडा असेल तर मेश (सिम्युलेशनची जाळी) बारीक करशील तसा तो वाढतच जाईल. कोपरे गोल करून, प्रोब जिथून जातो तेवढ्याच भागाची सरासरी काढ.

अर्धीलहर:
कोपऱ्यावरचाच होता 🙈