कुंडीतले टोमॅटो बुडाशी काळे पडताहेत, फुलंही गळताहेत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गॅलरीत कुंड्यांमध्ये टोमॅटो, मिरची, कोथिंबीर आणि पुदिना लावला आहे. पुदिना जोमात आहे, त्याच्याबद्दल काही विचारायचं नाही. बाकीच्यांनी मात्र वैताग आणलाय.

टोमॅटोचं झाड उंच, हिरवंगार आणि पानांनी गच्च आहे. फुलांचे घोस येतात, पण निम्मी फुलं देठापासून पिवळी पडून गळतात. जी फळं धरतात त्यांच्या बुडाला, म्हणजे देठाच्या विरुद्ध टोकाला, आधी पाणथळ डाग येतो. मग तो काळा होतो आणि चामड्यासारखा आत बसतो. अळी दिसत नाही, भोकही नाही.

माहिती अशी: कुंडी काळी प्लास्टिकची, साधारण १० लिटरची. माती, कोकोपीट आणि गांडूळखत समप्रमाणात. तळाला खडी घातली आहे, भोकं आहेत. ऊन सकाळपासून दुपारपर्यंत. पाणी रोज, खालून बाहेर येईपर्यंत. दर आठवड्याला शेणखताचं पाणी घालते.

मिरचीची शेंड्याची पानं आकसली आहेत आणि कोथिंबीर हातभर होण्याआधीच फुलावर येते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. शक्यतो आधी टोमॅटोचं.

प्रतिसाद

कॅल्शियम कमी पडतंय. अंड्याची टरफलं वाळवून, कुटून मातीत मिसळा. आमच्याकडे नेहमी तेच करतो.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी अर्धा सहमत. डाग कॅल्शियमच्या कमतरतेनेच पडतो, पण ती कमतरता फळात असते, मातीत असेलच असं नाही. गांडूळखत घातलेल्या कुंडीत कॅल्शियम सहसा पुरेसं असतं. टरफलं विरघळायला महिनोन् महिने जातात, त्यामुळे आत्ता लागलेल्या फळांना त्यांचा उपयोग शून्य. पानांवर कॅल्शियम फवारूनही फारसं साधत नाही, कारण पानातून ते फळाकडे जात नाही.

कॅल्शियम मुळांकडून पाण्याबरोबर वर चढतं. पानं सतत बाष्प सोडतात, म्हणून पाण्याचा ओढा त्यांच्याकडे. फळाची साल गुळगुळीत, ती फारसं बाष्प सोडत नाही, त्यामुळे फळाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं आणि फळाचं टोक सगळ्यात शेवटी. माती मध्येच कोरडी पडली की पहिली कात्री तिथेच लागते. त्यात भरपूर नत्र दिलं की पानं वाढतात आणि ओढा आणखी पानांकडे जातो. तुमचं झाड 'पानांनी गच्च' आहे, यातच बरंच उत्तर आलं. शेणखताचं पाणी महिनाभर बंद करा. फुलं गळण्यामागेही नत्राचा हात असू शकतो.

आता पाण्याचं. 'खालून बाहेर येईपर्यंत' हा पुरावा मी मानत नाही. माती सुकून आकसली की कुंडीच्या कडेने फट पडते आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं, मधला गोळा कोरडाच राहतो. एक पातळ काडी कुंडीच्या मधोमध वीतभर खुपसा, काढून बघा आणि इथे लिहा.

खडीबद्दल: तिने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतून जाड खडीत पाणी सहज उतरत नाही, खडीच्या वर साचून राहतं. उलट मुळांची तेवढी जागा जाते. भोकावर जाळीचा तुकडा ठेवला की पुरे.

प्रतिसाद

फुलं गळण्याबद्दल थोडं. सध्या तुमच्याकडे तापमान किती आहे? दिवसा ३२ ते ३५ अंशांच्या वर किंवा रात्री २४ च्या वर राहिलं की टोमॅटोचा पराग नीट काम करत नाही आणि फूल गळतं. रात्री १३ च्या खाली गेलं तरी तेच. असं असेल तर हवा बदलेपर्यंत वाट बघा, खतं ओतू नका.

आणि गॅलरी बंदिस्त आहे का? टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही अंगं असतात, त्यामुळे दुसऱ्या झाडाची गरज नाही. पण पराग सुटायला फूल हलावं लागतं. वारा नाही, भुंगे नाहीत, तर पराग नळीतच बसून राहतो. सकाळी उशिरा, फुलं कोरडी झाल्यावर, घोसाच्या देठाला बोटाने टिचक्या मारा. इलेक्ट्रिक टूथब्रशची मागची बाजू देठाला लावतात काही जण. हसू येतं, पण फळ धरतं.

धागाकर्ती

धन्यवाद! काडी खुपसून पाहिली. वरचा बोटभर थर ओला, त्याखाली खडखडीत कोरडं. आणि कडेला खरंच फट आहे. गॅलरीला काच आहे, वारा फारसा नाही. रात्री २० च्या आसपास असतं. आता कुंडी मोठी करू का? फळं लागलेली असताना?

प्रतिसाद

(काडीवालाच.) रात्री २० असेल तर रात्रीच्या तापमानाचा दोष नाही, टिचक्या सुरू करा.

आज कुंडी टबात ठेवून कुंडीच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी भरा. वरची माती ओली दिसू लागली की बाहेर काढून निथळू द्या. मग फट बोटाने दाबून बुजवा आणि वर दोन बोटं वाळलेल्या पानांचं आच्छादन घाला. पुढे पाणी दोन हप्त्यांत द्यायचं: थोडं घालायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग पुरेसं. काळ्या प्लास्टिकला दुपारी चटका बसतो, बाहेरून जुनी गोणी गुंडाळली तरी मुळांना बरं वाटतं.

१० लिटर उंच वाढणाऱ्या जातीला अपुरंच, १५ ते २० हवं. कुंडी बदलायची असेल तर संध्याकाळी, मातीचा गोळा न फोडता. पण फळं लागलीत म्हटल्यावर मी हा हंगाम असाच काढला असता आणि नवीन रोप मोठ्या कुंडीत लावलं असतं. डाग पडलेली फळं तोडून टाका, ती सुधारत नाहीत. लागण नाही ही, त्यामुळे शेजारच्या फळांची काळजी नको.

मिरचीचं पान वरच्या बाजूला, होडीसारखं वळलंय की खाली? वर वळलं असेल तर फुलकिडे, खाली वळलं असेल तर कोळी (जाळ्यातला मोठा कोळी नव्हे, पानाचा रस शोषणारे अगदी बारीक जीव), बहुतेक वेळा. फुलकिड्यांना लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल, त्यात साबणाचे दोनचार थेंब, संध्याकाळी पानांच्या खालून. कोळ्यांना पाण्यात मिसळणारं गंधक, पाकिटावरच्या प्रमाणात. दोन्ही एकापाठोपाठ मारू नका, पानं करपतात. तेल मारलं असेल तर गंधकाआधी दोनेक आठवडे जाऊ द्या.

कोथिंबिरीला उकाडा आणि लांब दिवस मानवत नाहीत, ती फुलावर येणारच. दुपारची सावली द्या, धणे हलके रगडून दोन करा आणि जिथे वाढवायची त्याच कुंडीत पेरा, तिला उपटून लावलेलं आवडत नाही. दर पंधरवड्याला मूठभर नवीन पेरा.

धागाकर्ती

पानं वरच्या बाजूलाच वळली आहेत. नीमतेल आणते. कुंडी आत्ता टबात बसली आहे, बुडबुडे येताहेत अजून.