मदत हवी आहे: 'क्रोमार्टी हायस्कूल'च्या १२व्या खंडानंतर काय करू?

शेवग्याची_शेंग

मंडळी, अडकले आहे, हात द्या.

भाचा नववीत आहे. गणपतीत घरी आला तेव्हा माझ्या कपाटात त्याला एइजी नोनाका यांच्या 'क्रोमार्टी हायस्कूल' या जपानी विनोदी चित्रकथेचे (मांगाचे) इंग्रजी खंड सापडले. (एकेक करून जमवलेत. किती पैसे गेले ते विचारू नका.) पठ्ठ्याने विसर्जनाच्या आत १२ खंड फस्त केले आणि म्हणतो, "मावशी, तेरावा?" तेरावा इंग्रजीत नाहीच. मूळ जपानी १७ आहेत, भाषांतर १२वर थांबलं आणि प्रकाशकाने पुढे गाशा गुंडाळला.

ज्यांना मालिका माहीत नाही त्यांच्यासाठी: कामियामा नावाचा सरळमार्गी, हुशार मुलगा मित्राला सोबत म्हणून टोकियोतल्या सगळ्यात बदनाम शाळेची प्रवेश परीक्षा देतो. हा पास होतो, मित्र तिथेही नापास. मग हा एकटाच टग्यांच्या वर्गात. वर्गात एक गोरिला आहे. फ्रेडी नावाचा मिशाळ, उघडाबंब इसम आहे, तो कधीच बोलत नाही. आणि मेकाझावा आहे, तो चक्क पिंपासारखा रोबो आहे, पण दोन-तीन जण सोडले तर हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

माझे प्रश्न असे:

१. माझी जपानीची एन-४ परीक्षा (खालून दुसरी पातळी) झाली आहे, तीही तीन वर्षांपूर्वी. उरलेले पाच खंड मुळातून वाचून त्याला मराठीत सांगणं झेपेल का? की त्यावरचं अ‍ॅनिमे (जपानी कार्टून मालिका) नाहीतर चित्रपट दाखवून वेळ मारून नेऊ?

२. शाळेचं नाव क्रोमार्टी का? शत्रूपक्षाच्या शाळा बास आणि डेस्ट्राडे. ही कुठली जपानी नावं? भाच्याने विचारलं आणि मी "असतं बाबा तिकडे" म्हणून विषय बदलला.

तिरसट

नववीतल्या पोराला टग्यांच्या शाळेची पुस्तकं? वा मावशी, वा.

शेवग्याची_शेंग

तिरसटराव, त्यात मारामारी जवळजवळ होतच नाही हो. चर्चा होतात! डेस्ट्राडेचा म्होरक्या यामागुची दिसतो खुनशी, पण त्याचा खरा ध्यास विनोदाचा. कुणी फुसका विनोद केला की परीक्षकासारखा चेहरा करतो. आमच्याकडच्या काही एकांकिका स्पर्धांची आठवण येते.

ओसाकाकर

दुसऱ्या प्रश्नापासून घेतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

ही नावं जपानी बेसबॉलमधल्या परदेशी खेळाडूंची आहेत. वॉरन क्रोमार्टी अमेरिकन, १९८४ ते १९९० योमिउरी जायंट्सकडून खेळला आणि १९८९ला त्याच्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. रँडी बास हानशिन टायगर्सचा. १९८५ आणि ८६, लागोपाठ दोन वर्षं ट्रिपल क्राउन, म्हणजे फलंदाजीच्या तीन मुख्य आकडेवारीत लीगमध्ये पहिला. ओरेस्तेस डेस्ट्राडे सेइबू लायन्सचा. अशा खेळाडूंना तिकडे 'सुकेत्तो' म्हणतात, म्हणजे मदतीला बोलावलेला गडी. भाच्याला सांगा, समज सांगलीत 'ख्रिस गेल विद्यामंदिर' आहे आणि त्याचं हाडवैर शेजारच्या 'पोलार्ड हायस्कूल'शी आहे, आणि त्यात काही वावगं आहे असं सांगलीत कुणालाच वाटत नाही. लगेच समजेल.

खुद्द क्रोमार्टीला मात्र हसू आलं नाही. २००५ला चित्रपट यायच्या वेळी, माझं नाव का वापरलंत म्हणून तो कोर्टात गेला होता. चित्रपट लागला तो लागलाच.

आणखी एक. जपानी नाव 'साकिगाके!! क्रोमार्टी कोको'. यातलं 'साकिगाके' हे 'साकिगाके!! ओतोकोजुकु' या ऐंशीच्या दशकातल्या घामट, मर्दानी मालिकेला मारलेला टोमणा आहे. चित्रंही र्योइची इकेगामीच्या धाटणीची, म्हणजे गंभीर गुन्हेगारी कथांना शोभतील अशी. कपाळाला आठ्या, चेहऱ्यावर काळ्या सावल्या, आणि बोलणं कशाबद्दल तर कुणाला टोपणनाव आहे आणि कुणाला नाही! चित्र गमतीदार काढलं असतं तर अर्धा विनोद मेला असता.

नवशिका_ओताकू

पहिल्या प्रश्नाबद्दल. अ‍ॅनिमेने तेराव्याची भूक भागणार नाही. ते ऑक्टोबर २००३ ते मार्च २००४ मधलं, आणि मूळ मालिका २००६ पर्यंत चालली. शेवटचे खंड तेव्हा लिहूनच झाले नव्हते. तरी दाखवाच. २६ भाग, प्रत्येकी साधारण १२ मिनिटं, एका रविवारात उरकतं. प्रॉडक्शन आय.जी.सारख्या मातब्बर स्टुडिओने केलंय, पण पात्रं मुद्दाम हलतच नाहीत, नुसती ठोकळ्यासारखी उभी राहून बोलतात. मेकाझावाला नोरिओ वाकामोतोचा आवाज आहे. त्या पिंपातून तो खर्जातला आवाज आला की मी अजूनही फुटतो.

चित्रपट (दिग्दर्शक युदाई यामागुची) मला फसलेला वाटला. कागदावरचा गोरिला वर्गात बसलेला चालतो, पडद्यावर कातडं पांघरलेला माणूसच दिसतो. +१ देणारे कमी असतील, पण असो.

आता तुमची जपानी. मालिका 'शोनेन मॅगझिन' साप्ताहिकातली, म्हणजे पोरांसाठीची, त्यामुळे कांजीच्या (चिनी लिपीतून आलेल्या चित्राक्षरांच्या) शेजारी बारीक अक्षरात उच्चार छापलेला असतो, ज्याला फुरिगाना म्हणतात. कांजीला घाबरू नका. घाम फुटेल तो टग्यांच्या बोलीने: 'नाई'चं (म्हणजे 'नाही'चं) 'नेए' होतं, 'तू'चं 'तेमेए'. क्लासात हे शिकवत नाहीत. कामियामा तेवढा अदबीने, स्वतःला 'बोकु' (सौम्य 'मी') म्हणत बोलतो. त्याची वाक्यं आधी वाचा, बाकीच्यांचं त्यावरून लागतं.

तरी जड गेलंच तर आधी 'दान्शी कोकोसेई नो निचिजो' घ्या, यासुनोबु यामाउचींचं. साधी रिकामटेकडी पोरं, ७ खंड. त्याचं २०१२चं अ‍ॅनिमेही झकास आहे.

शेवग्याची_शेंग

खूप आभार! गेल विद्यामंदिर चाललं. भाचा आता स्वतःच्या शाळेलाही तेच म्हणतो, ताई माझ्यावर उखडली आहे.

तेरावा खंड जपानहून आलेल्या मैत्रिणीकडून मिळाला. पहिल्या पानाला अर्धा तास, दहाव्याला पाच मिनिटं. कामियामाची युक्ती लागू पडली. एकाच शब्दावर घोडं अडलंय: 'बांचो', शाळेतल्या टग्यांचा मुख्य. 'भाई' म्हटलं तर मुंबईतला गुंड वाटतो, 'दादा' म्हटलं तर भाऊ.

तिरसट

'म्होरक्या' ठेवा की. वर तुम्हीच वापरलाय.

शेवग्याची_शेंग

अरेच्चा! खरंच. तिरसटराव, तुम्ही चक्क मदत केलीत.

तिरसट

१४ ते १७ पडून आहेत माझ्याकडे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. परत मात्र करायचे.